मुहूर्ताचा खांब

१

सिमेंट चोरीला गेल्याच्या तक्रारी मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या. सळया गेल्याच्या पाहिल्या, एकदा तर अख्खा रोडरोलर गेला होता. पण पोकळी चोरीला गेली म्हणून कोणी माझ्या दारात येईल असं वाटलं नव्हतं. निशा ओव्हाळ आली ती एप्रिलमधल्या भर दुपारी, स्कूटीवरून, तोंडाला बांधलेला रुमालही न सोडता.

मी शर्मिला. सरकारी बांधकाम खात्याच्या गुणनियंत्रण विभागातून निवृत्त झाले आणि कर्वेनगरात राहते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा सरकार मला पगार द्यायचं. आता तेच काम मी फुकट करते, असं आमच्या सोसायटीत म्हणतात. निशाचे वडील आमच्या कचेरीत नकाशे काढायचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, आणि शिक्षणाशिवाय या घराला दुसरी इस्टेट नव्हती. मुलगी इंजिनीअर झाली तेव्हा त्या अबोल माणसाने मला जिन्यात थांबवून ती बातमी सांगितली होती. तीच मुलगी आता माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती.

निशाचं काम सांगायला सोपं आहे. हिंजवडीत तेव्हा संगणक कंपन्यांच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या, आणि घाई इतकी की काही ठिकाणी खांबसुद्धा कारखान्यात ओतून ट्रेलरवरून आणायचे. खालच्या खांबाच्या सळया वर आलेल्या असतात, वरच्या खांबाच्या पोटात नळ्या असतात. वरचा खांब क्रेनने उचलून त्या सळयांवर बसवायचा आणि मग नळ्यांमध्ये पंपाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ रगडा, भरायचा. प्रत्येक नळीला खाली एक भोक, वर एक भोक. खालून रगडा भरायचा, वरून बाहेर आला की बूच मारायचं. नळी आतून पूर्ण भरली की दोन खांबांचा एक खांब होतो. नाही भरली तर बाहेरून काहीच दिसत नाही, आणि तीच खरी भीती.

म्हणून निशासारखी माणसं लागतात. खांब न फोडता, त्याच्यातून आवाजाच्या लहरी सोडून आत काय आहे ते ती सांगते. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी करतात तसंच. तिला शिकवलेल्या अनंत बर्वे सरांच्याच प्रयोगशाळेत ती हे काम करायची. प्रवेशद्वाराजवळच्या एका खांबात नळ्यांचा वरचा भाग पोकळ आहे, असा तिने अहवाल दिला. कंपनी हादरली, कारण त्या खांबाला लागूनच कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर होणार होतं. मग खुद्द बर्वे सरांना बोलावलं. सगळ्यांसमोर त्यांनी तपासलं, तर खांब भरीव. एका नळीत ड्रिलने भोक पाडून पाहिलं, आत रगडा काठोकाठ.

निशा खोटी ठरली. येत्या शुक्रवारी समिती बसणार होती आणि तिचं तपासनिसाचं प्रमाणपत्र काढून घेणार होती. ते गेलं असतं तर कुठल्याही खांबासमोर ती पुन्हा उभी राहू शकली नसती.

"मॅडम, पोकळी होती एवढंच सिद्ध करा," ती म्हणाली. "ती कोणी भरली ते नका शोधू."

मी म्हटलं, भरली असं तुला कोणी सांगितलं? मशीन चुकलं असेल, तू चुकली असशील. कोणी भरली हे तुझ्या तोंडून आलं.

तिने गळ्यातला रुमाल उचलून पुन्हा तोंडाला बांधला.

२

हिंजवडीला आम्ही तिच्या स्कूटीवरून गेलो. कंपन्यांच्या बसेसच्या मागे धूर खात जाणं हा माझ्या वयाला शोभणारा प्रकार नाही, पण रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं त्याहून शोभत नव्हतं.

साइटवर सौरभ भेटला. ठेकेदाराचा तरुण इंजिनीअर, बोटात नवी कोरी अंगठी, कानाला मोबाइल. तोही बर्वे सरांचाच विद्यार्थी. चहा मागवून त्याने मला बाजूला घेतलं आणि निशाला ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगितलं, "ऑनेस्टली मॅडम, चूक तिची नाही. मेरिटवर सिलेक्शन झालं नाही की असं होतं. बाकी तुम्हाला माहितीये."

मला माहीत नव्हतं. निशा तिच्या वर्गात कितवी आली हे मला माहीत होतं आणि सौरभ कितवा आला हेही विचारता आलं असतं. मी चहाचा घोट घेतला. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, तेव्हा नेमकी बसून राहिली. निशा पाठमोरी उभी होती आणि तिच्या पाठीवरून कळलं की तिने ऐकलंय. मला त्या चहाची लाज वाटली तरी मी तो संपवला.

मग खांब पाहिला. अंगावर पुसट कुंकवाचं स्वस्तिक, एक वाळलेलं आंब्याचं पान खिळ्याला अडकलेलं. असं प्रत्येक साइटवर कुठे ना कुठे असतं, म्हणून मी नजर पुढे नेली. तिथेच मी पहिली चूक केली.

दुसरी गोष्ट मात्र दिसली. नळ्यांची वरची भोकं रगड्याने लिंपून बंद केलेली होती. शेजारच्या सगळ्या खांबांवर त्या लिंपणाच्या तोंडावर गोणपाटाची वीण उमटली होती. या एका खांबावर वीण नव्हती. वरची भोकं गुळगुळीत होती, गोल गोल हात फिरवल्यासारखी. खालच्या भोकांवर मात्र गोणपाटच.

पायाशी, रेतीत, पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा पडला होता. आत करडा रगडा वाळलेला. गवंडी पातळी बघायला पाण्याची नळी वापरतात, तिचा असेल असं वाटलं. पण ही फार बारीक होती. मी ती पर्समध्ये टाकली.

"लाव तुझं मशीन," मी निशाला म्हटलं. "पोकळी शोधू नकोस. खालचा रगडा आणि वरचा रगडा एकाच वयाचे आहेत का ते बघ."

तिने पेटी उघडली. मग खांबाला जेली लावली आणि खालून वर सरकत गेली. महिनोन्‌महिने मुरलेल्या रगड्यातून लहर झपाट्याने जाते, ताज्या रगड्यातून थोडी रेंगाळते. आकडे बराच वेळ सारखे राहिले आणि मग एके ठिकाणी बदलले. तिने तिथे खडूने रेघ मारली. मग पहिल्या तपासणीचा आलेख काढून शेजारी धरला. पोकळी जिथे सुरू होत होती, तिथेच ही रेघ होती.

म्हणजे पोकळी होती, आणि तिची तपासणी झाल्यानंतर कोणीतरी ती भरली होती.

निशाने खडू खिशात ठेवला. "झालं मॅडम. एवढंच लिहून द्या."

मी म्हटलं, समिती म्हणेल मशीन तुझं आणि खडूही तुझाच. ज्याने भरली तो उभा राहिल्याशिवाय तुझं कोणी ऐकणार नाही. तिचा चेहरा उतरला. आनंदाची बातमी ऐकून उतरलेला चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

३

रगडा भरण्याची टोळी मच्छिंद्रची. तो हिंजवडीचाच; बापजाद्यांची जमीन कंपन्यांच्या कुंपणात गेली आणि हा त्याच जमिनीवर मुकादम झाला. चूक कोणाची उघडी पडली असती? भरणाऱ्याची. गुपचूप दुरुस्त करून कोण मोकळा झाला असता? भरणाराच. मला वाटलं, झालं काम.

मी त्याला त्याच्या माणसांसमोरच विचारलं. सरळ म्हटलं की काम अर्धवट टाकलंस, मग चोरून भरलंस, आणि एका पोरीला खोटं पाडलंस. टोळी हातातलं काम टाकून ऐकत होती. मच्छिंद्रने ओरडा केला नाही. त्याने शेजारच्या खांबाकडे बोट दाखवलं.

"बाई, आमी गोणपाटानं पुसतो. समद्या खांबांवर बघा. ह्ये गुळगुळीत काम आमचं न्हाय."

मग त्याने बाकीचं सांगितलं. निशाची तपासणी सोमवारी झाली. दुसऱ्याच दिवशी गावची यात्रा आली. यात्रेच्या दिवशी साइट बंद. गावचा एकही माणूस कामावर येत नाही, आणि आला तर घरचे जेवू घालत नाहीत. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी कारखान्यातून जिन्याचे तयार भाग आले, आणि जागा नाही म्हणून ते त्याच खांबाला टेकवून रचले. बर्वे सर तपासायला येईपर्यंत ते तिथेच होते, सरांसमोरच क्रेनने हलवले. मधल्या दिवसांत त्या खांबाला हात लावणं कोणालाही शक्य नव्हतं.

म्हणजे पोकळी भरली ती यात्रेच्या दिवशी. आणि यात्रेच्या दिवशी मच्छिंद्र आणि त्याची सगळी टोळी देवापुढचा बगाडाचा गाडा ओढत होती. सगळ्या गावाने पाहिलं होतं. इमारतीत भागीदार असलेले साईनाथशेठ, ज्यांची ही मूळ जमीन, तेही मानकरी म्हणून दिवसभर देवापुढेच होते.

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. सॉरी म्हणायला हवं होतं आणि तेही त्याच माणसांसमोर. मी "बरं, बरं" असं काहीतरी पुटपुटले आणि वळले.

"आन् त्यो मुहूर्ताचा खांब हाय," मच्छिंद्र पाठीमागून म्हणाला. "पंप चालू व्हता तवा आमाला जवळ बी येऊ दिलं न्हाय. साहेबलोकांनीच केलं समदं. आमी मागनं नुसतं लिंपलं."

माझे कान लाजेने गरम झाले होते. त्याने सांगितलेलं त्यांच्यात शिरलं, पण मी ते ऐकलं नाही.

फाटकावर भैरू नावाचा म्हातारा राखणदार होता. गावचाच असूनही यात्रेदिवशी ड्युटी लागली म्हणून अजून फुरंगटलेला. त्या दिवशी कोण आलं होतं, मी विचारलं. त्याने शपथेवर सांगितलं की परकं माणूस एक आलं नाही, कुत्रं आलं नाही. फाटक एकच, भिंत उंच, आणि तो जागचा हलला नव्हता.

यात्रेच्या दिवशी साइटवर परकं कोणी आलं नाही, आणि पोकळी भरली गेली.

४

गुळगुळीत काम मी कुठे पाहिलं होतं ते घरी आल्यावर आठवलं. ओला स्पंज घ्यायचा आणि भोकावर गोल गोल फिरवायचा, म्हणजे पृष्ठभागावर चीर राहत नाही. ही बर्वे सरांची पद्धत. अनंत माझा कॉलेजातला वर्गमित्र. आम्ही बरोबर शिकलो, मी सरकारात गेले, तो शिकवू लागला. त्याच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी पुण्यात कुठेही स्पंजावरून ओळखू येतो.

अशी दोन मुलं या साइटवर होती. निशा, आणि सौरभ.

निशा आपलीच पोकळी भरून आपल्यालाच खोटं कशाला पाडेल? सौरभला मात्र कारण होतं. त्या खांबांचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं होतं आणि दुबईची नोकरी त्याच्या जवळजवळ हातात होती. खरं सांगायचं तर तो सापडावा अशी माझी इच्छा होती. त्या चहाची परतफेड झाली असती.

मी त्याला गाठून विचारलं, यात्रेच्या दिवशी कुठे होतास. त्याने बोटातली अंगठी पुढे केली.

"मॅडम, त्या दिवशी माझी एंगेजमेंट होती. वारज्याला, सकाळी दहापासून रात्रीपर्यंत. पूर्वाच्या घरचे सगळे नातेवाईक होते." आणि मोबाइलमधले फोटो दाखवायला लागला, ते संपेचनात. फेटा, पेढा, पुन्हा फेटा. सगळ्यांत तो होता.

"सरांबरोबर एकही फोटो नाही?" मी सहज विचारलं.

त्याचा चेहरा जरा पडला. सरांना पहिलं आमंत्रण दिलं होतं, पण ते आले नाहीत. शैलाकाकूंची तब्येत बिघडली, घर सोडता येत नाही, असा सकाळीच फोन आला होता.

शैला, अनंतची बायको, बरेच महिने अंथरुणाला खिळलेली आहे हे मला ठाऊक होतं. आपण तिला बघायला गेलो नाही हेही ठाऊक होतं. म्हटलं, जाऊ या, तिला भेटू आणि अनंतलाच विचारू, स्पंजवाला तुझा आणखी कोणी चेला तिथे आहे का. शहाण्या माणसाचा सल्ला घ्यावा, इतकाच हेतू होता.

दार सोजरबाईंनी उघडलं. शैलाकडे बघायला दिवसभर असतात त्या. सर बाहेर गेलेत, येतीलच, म्हणाल्या. शैला झोपली होती. पलंगाशेजारी सलाइनचा स्टँड होता. मी हळू आवाजात विचारलं की सौरभच्या साखरपुड्याच्या दिवशी फार त्रास झाला का हिला.

"न्हाय ओ, चांगली होती की," सोजरबाई म्हणाल्या. "त्या दिवशी तर सर साखरपुड्याला गेल्ते. मला पार अंधार पडेस्तोवर थांबाया लागलं. आन् सलाइन लावाया गेले तर नवी नळी जागेवर न्हाय. पुन्हा केमिस्टाकडं पळापळ."

मी स्टँडकडे पाहिलं. बाटलीतून खाली येणारी नळी पारदर्शक होती, बारीक होती. माझ्या पर्समध्ये तसल्याच नळीचा वीतभर तुकडा होता; मी तो बाहेर काढला.

तेवढ्यात बाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

५

अनंतने मला पाहिलं आणि मग माझ्या हातातला तुकडा पाहिला. सोजरबाईंना त्याने चहा टाकायला सांगितलं. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. चोर पकडल्यावर बरं वाटतं हा माझा नेहमीचा अनुभव. त्या दिवशी मला वाटलं, आपण उठून जावं.

मी गेले नाही. एकेक सांगत गेले. खांब भरला तो यात्रेच्या दिवशी, कारण दुसऱ्या दिवसापासून तो झाकला गेला. पण कंपनीला निशाचा अहवाल मिळाला तो यात्रा झाल्यावर, तारीख त्यावर आहे. मग त्याआधीच कोणता खांब पोकळ आहे हे कोणाला कळलं होतं? तुझ्या प्रयोगशाळेची रीत आहे, सरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. सोमवारी संध्याकाळी निशाने आलेख तुला दाखवले असणार, फक्त तुला. तू तिला थांबायला सांगितलं असणार, नाहीतर अहवाल लगेच गेला असता. सौरभला सांगितलंस की शैला आजारी आहे, सोजरबाईंना सांगितलंस की साखरपुड्याला जातो. आणि भैरू खरं बोलला. परकं कोणी आलं नव्हतं. तू त्याला परका नाहीस.

"आणि एक," मी म्हटलं. "तू सगळ्यांसमोर तपासलंस तेव्हा ताजा रगडा तुला कळला नाही, हे मी मानणार नाही. निशाला मी विचारल्यावर कळलं. तुला न विचारता कळलं असणार."

"मी खांब भरीव आहे म्हणालो," अनंत म्हणाला. "तो भरीव होता."

मग मी प्रश्न विचारण्याच्या आत त्याने मुहूर्ताची हकीकत सांगितली. दिवाळीनंतर पहिला खांब बसला. साईनाथशेठनी समारंभ केला, नारळ फोडला, गुरुजी होते. या पद्धतीचे पुण्यातले जाणकार म्हणून पंपाची नळी सरांच्या हाती दिली. निम्मा रगडा गेला आणि शेठनी पंप थांबवायला सांगितला, कारण शाल-श्रीफळ राहून गेलं होतं. शाल, श्रीफळ, दोन शब्द, फोटो. तेवढ्या वेळात नळ्यांमधलं सिमेंट खाली बसलं, पाणी वर आलं. मग पंप पुन्हा चालू केला.

सुरुवातीला येते ती पातळ धार, ती सोडून द्यायची आणि दाट धार आल्यावरच बूच मारायचं, हे अनंत वर्गात पहिल्या दिवशी शिकवतो. वरच्या भोकांतून धार आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दाट होती?" मी विचारलं.

"पाणीच होतं. शर्मिला, टाळ्या वाजत असताना, अंगावर शाल असताना, 'थांबा, हे पाणी आहे' असं म्हणायची मला लाज वाटली. मी बूच मारलं. फोटो काढला."

ते पाणी आटलं आणि तेवढी जागा रिकामी राहिली. निशाने आलेख पुढे ठेवला तेव्हा तो कशाचा आहे हे त्याला पाहताक्षणी कळलं. यात्रेच्या दिवशी त्याने छिन्नीने वरची भोकं उघडली, सलाइनची नळी आत सोडली आणि जनावरांच्या मोठ्या इंजेक्शनने तळापासून रगडा भरत आणला. काम चोख केलं. निशाने अहवाल धाडला नसता तर तो म्हणणार होता, पुन्हा एकदा तपास बरं. तिने तपासलं असतं, तो भरीव निघाला असता, आणि कोणाचंच काही बिघडलं नसतं. पण कंपनीची घाई आणि सरांचा निरोप नाही, म्हणून तिने अहवाल धाडून दिला.

"आणि मग तिला खोटं पाडलंस."

"मी तिला खोटी म्हणालो नाही."

"नाही. तू गप्प बसलास. ते काम तुझ्यासाठी बाकीच्यांनी केलं." हे म्हणताना मला सौरभचा चहा आठवला, आणि माझा आवाज मला वाटला होता तितका चढला नाही.

त्याने चष्मा काढला. शुक्रवारच्या आत तिला दुसरीकडे लावून देतो, चांगलं शिफारसपत्र देतो, तिला कधी कळणारसुद्धा नाही, असं तो सांगू लागला. तिथे मला त्याला थांबवावं लागलं. ती माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा काय म्हणाली होती ते मी त्याला सांगितलं. पोकळी होती एवढंच सिद्ध करा, कोणी भरली ते शोधू नका.

अनंतने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तिला माहीत आहे?"

"तू तपासत होतास तेव्हा ती तुझ्या शेजारी उभी होती. स्पंज कसा फिरवायचा हे तिला तूच शिकवलंस."

आतून सोजरबाई चहा घेऊन आल्या. दोघांनीही तो घेतला नाही.

६

शुक्रवारी समिती खांबापाशीच बसली. कंपनीचे लोक, साईनाथशेठ, सौरभ, मच्छिंद्रची टोळी, सगळे होते. अनंत येईल की नाही याची मला खात्री नव्हती. तो आला, उशिरा आला, आणि खुर्ची दिली तरी बसला नाही.

त्याने सगळं सांगितलं. शाल सांगितली, पाणी सांगितलं, सलाइनची नळी सांगितली. शिकवताना त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्या दिवशी पुढच्या रांगेतल्यांना माना पुढे कराव्या लागल्या. साईनाथशेठ जमिनीकडे बघत होते, कारण पंप थांबवायला त्यांनी सांगितलं होतं. निशाचं प्रमाणपत्र राहिलं. तसं कोणी मोठ्याने जाहीर केलं नाही. अध्यक्षांनी नुसता कागद फाइलमध्ये परत ठेवला. माफी कोणी मागितली नाही. आपल्याकडे आळ चारचौघांत घेतात आणि परत घेताना घसा धरतो.

म्हणून मी उठले. मच्छिंद्रला त्याच्या माणसांसमोर हाक मारली आणि म्हटलं, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, माझं चुकलं. तो अवघडला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई." मग मी सौरभकडे वळले. मेरिटबद्दल तू मला त्या दिवशी काहीतरी सांगत होतास, मी म्हटलं, ते आता सगळ्यांना सांग, मी तेव्हा नीट ऐकून घेतलं नाही. सौरभ अंगठी फिरवत राहिला. मला मात्र हे त्याच दिवशी करायला हवं होतं. उशिरा उघडलेल्या तोंडाचं कौतुक नसतं.

लोक उठू लागले. अनंत निशासमोर जाऊन उभा राहिला. निशाने त्याच्या पायांकडे पाहिलं, जणू वाकून नमस्कार करायची सवय अजून अंगात होती, पण ती वाकली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. राग नव्हता, आणि तो असता तर अनंतला सोपं गेलं असतं असं मला वाटलं.

तिने मशीनची पेटी खांद्याला लावली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "अशा इमारतींचे मुहूर्त तुमच्याच हातून होतात. आणखी किती खांब आहेत?"

अनंतने उजव्या हाताच्या बोटांवर अंगठा टेकवला आणि मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. बाणेर, खराडी, मगरपट्ट्याची बाजू, ओठांवरून काही नावं कळत होती. निशा खडू हातात घेऊन थांबली होती. एका हाताची बोटं संपली, आणि त्याने दुसरा हात वर घेतला.